घराची फरशी बदलायची आहे, खोल्यांचं माप स्वतः घ्यावं की दुकानदारावर सोडावं?

तुमच्या प्रश्नात एक वाक्य आहे, "घराचा नकाशा आहे, वडीलधारे म्हणतात त्यावरूनच हिशेब कर." तेवढ्या वाक्यासाठी उत्तर लिहायला बसले. माप स्वतः घ्या. नकाशा कपाटातच राहू द्या.

सांगलीच्या गावभागात आमचं घर, सासऱ्यांनी बांधलेलं. 2019 ला महापुराचं पाणी घरात आलं, 2021 ला पुन्हा आलं. आमच्याकडची काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. त्यात खालचा भराव बसला, सोप्याचा, म्हणजे बाहेरच्या खोलीचा, एक कोपरा खाली गेला आणि शहाबादी फरशी चालताना पोकळ वाजायला लागली. शेवटी सगळं उकरून 2 बाय 2 च्या व्हिट्रिफाइड टाइल्स घालायचं ठरलं.

आता आमचे दाजी. थोरल्या बहिणीचे यजमान. मिरजेत त्यांनी स्वतः उन्हात उभं राहून घर बांधून घेतलंय, त्यामुळे वीट-सिमेंटच्या विषयात शेवटचा शब्द त्यांचा. मी टेप काढला तर म्हणाले, "अगं, नकाशा हाय की! टेप कशाला नाचवतीस?" सोपा 14 बाय 11, मधली खोली 12 बाय 10, स्वयंपाकघर 10 बाय 10. झाले 374 चौरस फूट. बॉक्समध्ये 4 टाइल्स, म्हणजे 16 चौरस फूट. 24 बॉक्स. चहा संपायच्या आत हिशेब झाला आणि दाजींनी दुकानात फोन लावायला घेतला. आमचे हे शेजारी बसून मान डोलावत होते.

मी फोन थांबवला आणि मापं घेतली. सोप्याची एक भिंत 14 फूट 3 इंच, तिच्या समोरची 13 फूट 11 इंच. दाजी म्हणाले, तुझा टेप खराब आहे, टोकाची पत्री हलतेय बघ. ती हलायलाच हवी. आतून टेकवून माप घेतलं काय, बाहेरून अडकवून घेतलं काय, पत्रीच्या जाडीचा फरक पडू नये म्हणून तिला तेवढीच ढील दिलेली असते. जुन्या घरात काटकोन शोधू नका. प्रत्येक खोली लांबीला तीन ठिकाणी, रुंदीला तीन ठिकाणी मोजा आणि मोठं माप धरा. सोपा निघाला 14 फूट 3 इंच बाय 11 फूट 4 इंच, मधली खोली 12 फूट 2 इंच बाय 10 फूट 3 इंच, स्वयंपाकघर 10 फूट 5 इंच बाय 10 फूट 1 इंच. बेरीज 391 च्या वर गेली. त्या काळच्या गवंड्यानं नकाशा कितपत उघडला होता, देव जाणे.

मोबाइलवर गुणाकार करण्याआधी सगळं इंचात करून घ्या. 11 फूट 10 इंच लोक 11.10 असं टाकतात. यंत्र त्याला 11.1 समजतं आणि तिथंच जवळजवळ नऊ इंच खोली गायब होते.

दुसरी गोष्ट, 2 बाय 2 ची टाइल 2 फुटांची नसते. ती 600 मिलिमीटरची असते, म्हणजे 23.6 इंच. चार टाइल्सचे 1.44 चौरस मीटर होतात, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. बॉक्सवर छापलेलं असतं, वाचायचे कष्ट घ्यावे लागतात. "अर्ध्या फुटाचं काय घेऊन बसलीस?" इति दाजी. 24 बॉक्सला 12 चौरस फूट कमी पडतात, जवळजवळ एक अख्खा बॉक्स! आणि स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावायची टाइलची पट्टी, तर त्यांच्या हिशेबात नव्हतंच. दारं आणि ओट्याखालचा भाग वगळून आमचं स्कर्टिंग 115 रनिंग फूट, म्हणजे नुसत्या लांबीचे फूट, भरलं.

म्हणून मी चौरस फूट सोडले आणि सरळ टाइल्सच्या ओळी मोजल्या. मधली फट धरून एका टाइलला 23.7 इंच. सोपा लांबीला 171 इंच, भागाकार 7.2. म्हणजे भिंतीकडेला पाच इंचाची चिंधी. ती फार वाईट दिसते. त्यापेक्षा मध्ये 6 अख्ख्या आणि दोन्ही कडांना अर्ध्यापेक्षा थोड्या मोठ्या, अशा 8 ओळी लावायच्या. रुंदीला 6. झाल्या 48 टाइल्स. मधल्या खोलीला 42, स्वयंपाकघराला 36. एकूण 126, म्हणजे 32 बॉक्स. स्कर्टिंगच्या चार-चार इंची पट्ट्या या कापलेल्या तुकड्यांतून निघतात, त्याला वेगळा माल लागत नाही. वर एक बॉक्स घरात ठेवायला. मी 33 सांगितले.

काम संपल्यावर एक सीलबंद बॉक्स आणि काही सुट्या टाइल्स उरल्या. दाजी आले, कोपऱ्यात बघितलं आणि म्हणाले, "बघ, उरल्या की! पैसे पाण्यात." आता याला काय म्हणायचं? त्यांच्या 24 बॉक्समध्ये माझं स्वयंपाकघर कोरडं राहिलं असतं. नंतर आणलेला माल दुसऱ्या बॅचचा असतो, नाव तेच आणि रंगाची छटा वेगळी. दाजींच्या स्वतःच्या घरी फ्रिजखालची फरशी बाकीच्या फरशीपेक्षा पिवळट आहे, त्यावर कुणी बोलत नाही. माल उतरवतानाच सगळ्या बॉक्सवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे का बघा.

दुकानदाराचा माणूस माप घ्यायला येत असेल तर येऊ द्या, पण तुमचा कागद आधी तयार हवा. मजुरी ब्रासवर ठरवाल तर 1 ब्रास म्हणजे 100 चौरस फूट, आणि ती बसलेल्या फरशीवर द्यायची, आणलेल्या बॉक्सवर नाही. जुन्या फरशीवरच नवी चिकटवणार असाल तर दारांखालची फटही मोजा, नाहीतर सुताराला बोलवावं लागेल.

हे सगळं सरळ मांडणीचं झालं. टाइल्स तिरप्या लावायच्या असतील तर तूट जास्त धरा. शहाबादी घालणार असाल तर माझा ओळींचा हिशेब चालणार नाही, तिथे लाद्या कमीजास्त मापाच्या येतात. आणि उरलेले सीलबंद बॉक्स सगळे दुकानदार परत घेत नाहीत, पैसे देण्याआधी बिलावर तसं लिहून घ्या.