लांब पल्ल्याच्या टँकरवर ड्रायव्हरला हातात किती पडतं? आयुष्य कसं असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय 23, सध्या बार्शीत पिकअप चालवता, 14 हजार मिळतात, आणि ओळखीचा एकजण म्हणतो की टँकरवर लांबच्या खेपा केल्या तर महिन्याला 30-35 सहज सुटतात. खरं का?

दिसतात तेवढे, सुटत नाहीत. माझाच हिशोब सांगतो. मी माळशिरस तालुक्यातला. आधी आठ वर्षं दुधाचा टँकर चालवला, 2019 पासून इथेनॉलचा, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायच्या अल्कोहोलचा. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीतून माल भरायचा आणि तेल कंपन्यांच्या डेपोत खाली करायचा. पाकणी, लोणी काळभोर हे जवळचे डेपो. पण मला बहुतेक इंदूरजवळचं मांगलिया मिळतं, कधी जोधपूरकडचं सालावास. पगार 15 हजार आणि मांगलियाच्या एका खेपेला भत्ता साडेतीन हजार. हंगामातल्या चांगल्या महिन्यात पाच खेपा होतात, म्हणजे साडेबत्तीस. तुमचा ओळखीचा हाच आकडा सांगतोय. आता यातून खाणं-पिणं वजा करा. बाकीचे ट्रकवाले स्टो ठेवतात, गाडी बाजूला घेऊन भाकरी-पिठलं करतात, खर्च निम्म्यावर येतो. आमच्या गाडीत काडीपेटीसुद्धा चालत नाही. दोन वेळचा ढाबा, चहा, आंघोळीचे पैसे धरून दिवसाला साडेतीनशे जातातच. महिन्यातले 28 दिवस बाहेर असलो तर जवळपास दहा हजार. घरी 22-23 येतात. शिवाय येताना टँकर रिकामा. परतीचं भाडं, त्यातलं कमिशन, वाटेत बसवलेली सवारी, यातलं काहीच टँकरवाल्याला नाही. डिझेलची मात्र थोडी मिळकत आहे. मालकाने लिटरला 3.6 किलोमीटर धरलेत, मी 3.8 काढतो, वाचलेलं डिझेल माझ्या नावावर जमा होतं.

आता वेळेचं. अकलूजहून करमाळा, नगर, मनमाड, धुळे, सेंधवा, इंदूर असं सहाशेच्या आसपास अंतर आहे. नगर-मनमाड रस्त्याने कंबर सोडली तर दोन दिवसांत आरामात पोचतो. खरा वेळ जातो डेपोच्या गेटबाहेर. नंबर लावायचा, मोबाइल जमा करायचा, सँपल जातं, घनता बघतात, पाणी बघतात. इंधनात मिसळायचं इथेनॉल 99.5 टक्के शुद्ध लागतं आणि ते हवेतली ओलसुद्धा ओढून घेतं. पावसाळ्यात वरचं झाकण नीट बसलं नाही तर अख्खी गाडी नापास. नापास झाली की कारखाना आणि डेपो यांचं फोनवर ठरेपर्यंत तुम्ही तिथेच. मी एकदा सहा दिवस काढलेत. खेपेचा भत्ता तेवढाच, साडेतीन हजार. कायद्याने ड्रायव्हरचं काम दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास, आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. लाइनीत बसलेला वेळ आमच्याकडे कुणी कामात धरत नाही, आणि केबिनमध्ये मे महिन्यात झोप म्हणाल तर ती झोप नसतेच. 2025 पासून नव्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे. माझी गाडी 2019 ची, तिला पंखा आहे, तोही मी बसवलेला.

एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण माझे पैसे त्यात गेलेत. आधीच्या मालकाकडे होतो तेव्हाची. जानेवारीत दुपारी 30 हजार लिटर भरलं, दोन थंडीच्या रात्री रस्त्यावर गेल्या आणि मांगलियाला पहाटे डिप घेतली, म्हणजे टाकीत पट्टी बुडवून माल मोजला. दोनशेहून जास्त लिटर कमी! मालकाच्या मुनीमाने शॉर्टेज लावली, सहा हजार सहाशे पगारातून कापले आणि वर चोर ठरवलं. माझी सीलं शाबूत होती. हे कसं झालं ते मला पुढे डेपोतल्या एका लॅबवाल्या पोराने समजावलं. इथेनॉल तापमानाने पाण्यापेक्षा किती तरी जास्त फुगतं-आकसतं. 30 हजार लिटरला 10 अंशांचा फरक पडला तर तीनशेच्या वर लिटरचा फरक दिसतो, थेंब न सांडता. वजन मात्र तेवढंच राहतं. वजनकाट्याच्या दोन्ही पावत्या माझ्या डॅशबोर्डवर पडून होत्या, दोन्हीत माल सारखाच. मला वाचता आलं नव्हतं इतकंच. पावत्या घेऊन गेलो तर मुनीम म्हणाला, हिशोब क्लोज झाला. तेव्हापासून भरताना आणि खाली करताना चलनावर तापमान लिहून सही घेतल्याशिवाय मी गाडी हलवत नाही. लोक वैतागतात, वैतागू दे.

गाडी चालवण्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण पिकअपवरून येताय म्हणून सांगतो. मागे पातळ माल आहे हे अंगात भिनायला वर्ष लागतं. ब्रेक मारला की गाडी थांबते, माल थांबत नाही, तो पुढे येऊन धक्का देतो. आमच्या टाकीत आत पत्र्याचे आडवे पडदे असतात म्हणून तो धक्का तुटतो. माझ्या दुधाच्या टँकरला, धुवायला सोपं जावं म्हणून, पडदे नव्हते आणि गाडी अर्धी भरलेली असली की वळणावर पोटात गोळा यायचा. भरलेली टाकी त्या मानाने शांत. येताना मानपूरच्या पुढचा घाट आणि सेंधव्याच्या पुढचा बिजासन घाट, इथे उतार लागायच्या आधी गिअर खाली घ्यायचा, उतारात नाही. रिकामा टँकर म्हणजे धोका संपला असं समजू नका, आत वाफ असते. त्याला वेल्डिंगवाल्याकडे नेणारे महाभाग मी पाहिलेत. इथेनॉलची ज्वाळा तर उन्हात नीट दिसतही नाही.

अपघाताची भीती वेगळी. नव्या कायद्यातल्या, अपघात करून न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या तरतुदीविरुद्ध जानेवारी 2024 मध्ये मनमाडच्या पानेवाडीपासून सगळीकडे टँकर उभे राहिले, ती तरतूद अजून लागू झालेली नाही असं ऐकून आम्ही गाडी चालवतो.

तो जानेवारी दुसऱ्या कारणानेही लक्षात आहे. 7 डिसेंबर 2023 ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली, नंतर थोडी सैल केली, पण ऐन गळीत हंगामात माझ्या पाचाच्या दोन खेपा झाल्या. पगार 15 आणि भत्ता सात. पुढच्या हंगामासाठी ती बंदी उठली. म्हणजे दिल्लीत एक कागद निघतो आणि अकलूजच्या ड्रायव्हरचा भत्ता जातो. पेट्रोल-डिझेलच्या टँकरला निदान बारा महिने काम असतं, जमलं तर तिकडेच बघा.

लायसन्स: आधी हेवी काढा, मग धोकादायक मालासाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण करून लायसन्सवर शेरा मारून घ्या. तो तीन वर्षं चालतो, नूतनीकरणाला एक दिवसाचा वर्ग. पहिल्या वर्षी जवळच्या डेपोच्या खेपा मागा. मालकाला पगार नंतर विचारा, आधी हे विचारा: गेटवर थांबलेल्या दिवसाचे किती, शॉर्टेज कशावरून धरता, लिटरवरून की वजनावरून, आणि पीएफ आहे का. माझ्या आत्ताच्या मालकाकडे तिसऱ्या दिवसापासून थांबण्याचे चारशे मिळतात, पीएफ नाही. लग्न ठरायचं असेल तर ते आधी उरका, टँकरवाल्याला मुलगी देताना लोक शंभर प्रश्न विचारतात. माझं दुधावर असतानाच झालं होतं.