गुहागरला समुद्राजवळ घर आहे. पडवीतल्या वेताच्या खुर्च्यांच्या गाद्या प्लास्टिकने झाकूनही दर पावसाळ्यात बुरशी धरतात. काय करावं?

आधी ते प्लास्टिक काढा. त्याने झड अडते, पण गादीतली ओल आत कोंडते. आणि किनाऱ्यावर ओल काही फक्त पावसाची नसते. खाऱ्या वाऱ्याने आलेलं मीठ वर्षभर खोळीत आणि फोममध्ये साठतं. आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, बरणीतलं मीठ पाझरतं तसंच. पावसाळ्यात आपली हवा बहुतेक वेळ त्याहून दमट असते. म्हणजे एक थेंबही न पडता गादी ओलसर होते.

म्हणून खरं काम मे महिन्यातलं. खोळ आणि फोम वेगळे करून दोन्ही गोड्या पाण्यात दोनदा बुडवून काढा. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते नको. फोम पिळला तर फाटतो, तळहाताने दाबून पाणी काढा. खोळी उन्हात घाला. फोम मात्र सावलीत, वाऱ्यावर उभा ठेवा, उन्हाने तो पिवळा पडून भुगा होतो. वरून कोरडा लागला तरी मधे ओल राहते. वर्तमानपत्राची घडी ठेवून गुडघ्याने जोरात दाबा. कागद मऊ पडला तर आणखी एक दिवस थांबा.

मग सुती चादरीत गुंडाळून, भिंतीला न टेकवता, वापरत्या खोलीत उंचावर ठेवा. दिवाणाच्या पेटीत अजिबात नको.

पावसाळ्यातही पडवीत बसायचंच असेल तर साध्या फोमवर पैसे घालू नका. मोठ्या छिद्रांचा, पाणी आरपार जाऊ देणारा रेटिक्युलेटेड फोम घ्या. शिवणाऱ्याला तीन गोष्टी बजावून सांगा: तळाला नायलॉनची जाळी, चेन प्लास्टिकची, दोरा पॉलिएस्टरचा. धातूची चेन खाऱ्या हवेत गंजून अडकते आणि सुती दोरा आधी कुजतो. तळाला रेक्झिन लावू देऊ नका, पाणी तिथेच तुंबतं.

आत्ताचे काळे डाग, गादी अंगणात नेऊन, नाकाला फडकं बांधून, कोरड्या ब्रशने झाडा. पांढरं व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात लावून तासाभराने धुवा. रंग जातो का ते आधी कोपऱ्यात बघा. व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. डाग फोमच्या आतपर्यंत गेले असतील तर खोळ वाचवा, फोम टाकून द्या.