पैसा आणि सत्ता यांच्यापुढे खेळ, आरोग्यसेवा, राजकारणात न्याय उरतो का?

उरतो, पण नियम कडक असतील तरच. खेळात पंच तटस्थ असला तरी फरक मैदानात उतरण्याआधीच पडलेला असतो. जर्मनीच्या बुंडेसलिगा या फुटबॉल लीगमध्ये बायर्न म्युनिक या क्लबने २०१३ ते २०२३ सलग ११ विजेतेपदं मिळवली. यात लबाडी नाही, पण तिजोरी मोठी असली की इतर संघांचे चांगले खेळाडूही आपल्याकडे ओढता येतात. उलट अमेरिकेच्या एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये नवे खेळाडू निवडण्याचा पहिला मान तळाच्या संघाला मिळतो, पगारखर्चावरही मर्यादा आहे.

मला सर्वांत जास्त खुपतं ते आरोग्याचं. खेळात हरलात तर पुढचा हंगाम असतो, इथे नसतो. एखाद्या बाईला अंगात गाठ जाणवते. मजुरी बुडेल म्हणून ती तपासणी दोन महिने पुढे ढकलते. पैसेवाला त्याच आठवड्यात स्कॅन करून मोकळा होतो. आजार तोच, पण ती पोहोचते तेव्हा उशीर झालेला असतो. वेल्समधले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्येच लिहिलं होतं, की जिथे गरज जास्त तिथे चांगली सेवा कमी मिळते, आणि बाजाराच्या हाती सोपवाल तितकं हे वाढतं.

राजकारणात तर नियम बनवणाऱ्यांनाच निवडणुकीसाठी पैसा लागतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये कंपन्यांना निवडणुकीत स्वतंत्रपणे हवा तितका खर्च करायची मुभा दिली. मत प्रत्येकाचं एकच, पण नेत्याचा फोन कोणासाठी उचलला जातो, ते बघा.