आधी वही परत द्या

प्रश्न: मुलगी अकरावी सायन्सला आहे, पीसीएमबी, म्हणजे गणित आणि बायोलॉजी दोन्ही. नीटच्या क्लासची दोन वर्षांची फी भरून झाली आहे. आमच्या सोसायटीच्या मागच्या आवारात रेन ट्रीवर दर पावसाळ्यात बगळ्यांची घरटी होतात. मुलगी गॅलरीत दुर्बीण घेऊन उभी राहते आणि त्यांच्या नोंदी करते. पहिल्या चाचणीत फिजिक्सला 25 पैकी 9 मिळाल्यावर मी वही कपाटात कुलूपबंद केली. आम्ही नीट देणार आहोत, त्यामुळे गणित सोडायचं ठरवलं आहे. पक्ष्यांत काही स्कोप आहे का? प्रत्येक जण काही सलीम अली होत नाही. वेळ कसा वाया जातो ते कळावं म्हणून वहीच्या तीन पानांचे फोटो पाठवत आहे.
– एक पालक, चेंबूर

उत्तर: चाचणीतल्या नऊ मार्कांची मला फारशी काळजी वाटली नाही. अकरावीच्या सुरुवातीला निम्म्या मुंबईचं फिजिक्स असंच गडगडतं. काळजी वाटली ती 'आम्ही नीट देणार आहोत' या वाक्याची. पेपर तुम्ही देणार नाही आहात, साहेब. एवढ्या पत्रात फी आहे, क्लास आहे, सलीम अलीसुद्धा आहेत. मुलीला काय हवंय याची एक ओळ नाही. तिने नीटला हो म्हटलंय की नुसती गप्प बसलीय, हे मला कळलेलं नाही. तुम्हाला तरी कळलंय का?

आणि ते कपाट. घरट्यांचा हंगाम जून ते सप्टेंबर. मध्ये पडलेला खंड दिवाळीच्या सुट्टीत भरून काढता येत नाही, कारण तोवर झाड रिकामं झालेलं असतं. फिजिक्सची चाचणी पुन्हा होईल. शिक्षाच द्यायची होती तर मोबाइल काढून घ्यायचा. तो तिच्याकडेच राहिला असावा, कारण पत्रात त्याचा उल्लेखही नाही!

तुम्ही पुरावा म्हणून पाठवलेले फोटो मी दोनदा वाचले. प्रत्येक घरट्याला नंबर, फांदीचं छोटं चित्र, दर तीन-चार दिवसांनी त्याच वेळेला नोंद. सात नंबरचं घरटं ढोकरीचं, म्हणजे बगळ्यांतल्याच एका छोट्या जातीचं. त्यात तीन पिल्लं, 'एक बाकीच्यांच्या निम्मं'. पुढच्या नोंदीत दोनच. बगळ्यांच्या जातीचे पक्षी सगळी अंडी घालून होण्याची वाट न बघता उबवायला बसतात, म्हणून पिल्लं पुढेमागे बाहेर येतात आणि धाकट्याच्या वाट्याला मासा कमी येतो. हे तिला कुणी सांगितलं होतं की नाही माहीत नाही. तिने ते पाहून लिहिलंय. मला सगळ्यात आवडली ती दुसरीच गोष्ट. काही रकान्यांत 'रिकामं' लिहिलंय, तर काहींत 'पाऊस, पानं आड, दिसलं नाही'. नाही आणि दिसलं नाही यांतला हा फरक पाळायला भल्याभल्यांना शिकवावं लागतं. डॉक्टर झाली तरी तिला तो लागेल. झाडावर चढायचा मोह तिने टाळलाय, हेही बरं. माणूस जवळ गेला की पिल्लं घाबरून घरटं सोडतात आणि खाली पडतात.

आता गणिताबद्दल. बायोलॉजीवाल्याला गणित लागत नाही, ही समजूत क्लासवाल्यांनी घरोघर पोचवली आहे. तिच्या पानावर शेवटी लिहिलंय: 11 घरटी, 4 फसली, 7 यशस्वी. म्हणजे 64 टक्के. हिशोब सरळ दिसतो, पण चुकीचा आहे. काही घरटी तिला पिल्लं झाल्यावरच दिसली. जी त्याआधीच मोडली ती तिच्या वहीत आलीच नाहीत. त्यामुळे यश फुगतं. हॅरोल्ड मेफिल्ड या अमेरिकन पक्षी-अभ्यासकाने 1961 मध्ये यावर तोड काढली: घरटी मोजू नका, घरटं नजरेखाली होतं ते दिवस मोजा. समजा सगळ्या घरट्यांचे मिळून 200 दिवस भरले आणि त्यात 4 फसली. रोजचा धोका 2 टक्के, टिकण्याची शक्यता 0.98. अंड्यापासून पिल्लू घरटं सोडेपर्यंत 45 दिवस धरले, तर 0.98 चा 45 वा घात. उत्तर साधारण 40 टक्के. चौसष्ट कुठे आणि चाळीस कुठे! हे घातांक आणि लॉगॅरिदम तुम्ही सोडायला निघालेल्या विषयातले आहेत. गणित सोडलं तर इंजिनिअरिंग बंद होतंच, पण ती जिथे जाईल असं वाटतं तिथेही ती लंगडत जाईल. कॉलेजात विषय बदलायच्या अर्जावर सही करू नका.

जाता जाता, मेफिल्ड पेशाने पक्षीशास्त्रज्ञ नव्हते. एका कंपनीच्या कर्मचारी विभागात नोकरी करत होते.

स्कोपचं थोडक्यात: झूलॉजीची बीएस्सी किंवा आयसर ही केंद्राची विज्ञान शिक्षणसंस्था, पुढे डेहराडूनची वन्यजीव संस्था नाहीतर बेंगळुरूचं एनसीबीएस हे जीवशास्त्राचं संशोधन केंद्र, यूपीएससीतून वनसेवा, आणि नीटच्याच मार्कांवर पशुवैद्यकीय, ज्याचं कॉलेज तुमच्यापासून दूर नाही, परळला आहे. सुरुवातीच्या नोकऱ्या बहुतेक प्रकल्पांवरच्या, कंत्राटी, पगार बेताचा. हे लपवून मी तिला त्या वाटेला लावणार नाही. तुम्हीही आता उलट्या टोकाला जाऊन दुर्बिणीची महागडी खरेदी करू नका. सोळा वर्षांच्या मुलीच्या वहीला स्कोप विचारणं मला अघोरी वाटतं.

सलीम अलींचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून सांगतो. अलिबागजवळ किहीमला सुगरणींची घरटी रोज न्याहाळून त्यांनी जे लिहिलं, त्यातून त्यांचं नाव झालं. तेव्हा त्यांच्या हातात नोकरी नव्हती.

तर वही आज संध्याकाळी द्या, भाषण न करता. कुलपातले दिवस तिने कोरेच सोडावेत, अंदाजाने भरू नयेत. फिजिक्ससाठी क्लासचे तास वाढवण्याआधी तिला एक गणित तुमच्यासमोर सोडवायला सांगा आणि कुठे अडते ते बघा. बहुधा सूत्र नाही, प्रश्नाची भाषा अडत असेल. नीटबद्दल तिच्याशी बोला, आईला मध्ये न घालता. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. पाठवण्याआधी तुम्ही वाचायचं नाही.