टोपाथसारखी वाट कोकणात? खारबांधावर जा

बाबांना घेऊन इंग्लंडमध्ये कालव्याकाठच्या टोपाथवर तासन्‌तास चाललात आणि आता तसंच सपाट, शांत, पाण्याला लागून काही कोकणात आहे का, असं तुम्ही विचारलंय. हुबेहूब तसं नाही मिळणार. तिकडची वाट मुळात बोट ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेली, म्हणून ती इतकी सपाट, चढ आलाच तर बोटी वर-खाली घेणाऱ्या लॉकच्या दारांपाशी (जुन्या पुलांच्या दगडाला दोर घासून पडलेल्या खाचा बघितल्या असतीलच). आपल्याकडे खाडीत गलबतं भरती-ओहोटीवर आणि शिडावर चालायची, घोड्याला काय काम!

पण अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, खारबांध आहेत, खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले. पोयनाडला उतरून रिक्षाने शहापूर-धेरंडकडे जा. एका हाताला धरमतरची खाडी आणि तिवरं, दुसऱ्या हाताला भातखाचरं आणि जिताडा माशाची तळी, मधून मातीचा बांध. खाडीतून बार्ज जातात, त्यांची इंजिनं ऐकू येतात तेवढंच, बाकी बगळे आणि खंड्या. याच भागात चरी गावच्या कुळांनी खोतांविरुद्ध 1933 ते 1939 जमीन कसली नाही, तो संप इथलाच.

वाटेत उघाडी, म्हणजे बांधातली पाणी सोडायची झडप, लागली की जरा थांबाच. भरतीचं पाणी चढायला लागलं की बाहेरच्या दाबानेच झडप बंद होते, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं, माणूस लागत नाही, मोटर लागत नाही, बाबांना नक्की आवडेल.

वेळ मात्र तिथी बघून ठरवा. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते, म्हणजे चतुर्थीला भरती साधारण तीनला, अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. खाडी भरलेली असताना चालण्यात मजा आहे, ओहोटीला नुसता चिखल दिसतो, पण बाराची भरती गाठायची म्हणजे ऊन डोक्यावर आणि सावली शून्य, त्यामुळे मी तर एकादशीच्या आसपासचा दिवस धरतो, सकाळी आठ-सव्वाआठला पाणी भरलेलं असतं. पावसाळ्यात अजिबात नको, माती पायाला धरते आणि गवतात जनावर (साप) असतं. डिसेंबर-जानेवारी उत्तम, वालाच्या शेंगा आलेल्या असतात, कुणी ओळखीचं असेल तर पोपटीचंही (मडक्यात भाजलेल्या शेंगांचं) जमेल.

आधी गावात विचारून घ्या, कुठे खांड गेली (बांध फुटला) असेल तर पुढे वाटच नसते, आल्या पावली परत यावं लागतं. पाणी घरून न्या, बांधावर टपरी वगैरे काही नाही.