वाचकांचे प्रश्न : लॉगचे संदेश टेलिग्रामवर

प्रश्न : रावेर तालुक्यात आमचं केळी खरेदी केंद्र आहे. काट्यावरचं वजन आणि पावत्यांसाठी पायथॉनमधला प्रोग्राम आहे. चूक लगेच कळावी म्हणून त्याचे लॉग (प्रोग्राम काय करतोय त्याच्या नोंदी) बॉटमार्फत, म्हणजे आपोआप संदेश पाठवणाऱ्या खात्यामार्फत, टेलिग्राम ग्रुपवर येतात. परवा काट्याची केबल सैल झाली. आधी संदेशांचा पूर आला, मग ते एकदम थांबले, आणि पावती निघायलाही उशीर होऊ लागला. गाड्यांची रांग लागली. एरवीही काही संदेश पोचत नाहीत. काय चुकतंय?

उत्तर : आधी पावतीचं बघू, कारण रांग त्यामुळे लागली. पायथॉनचा लॉग हँडलर (नोंद पुढे पाठवणारा भाग) ज्या थ्रेडमध्ये, म्हणजे प्रोग्राममधल्या कामाच्या धाग्यात, लॉगची ओळ आली तिथेच चालतो. टेलिग्रामचं उत्तर येईपर्यंत पावतीचं काम अडून राहतं, आणि टाइमआउट (वाट पाहण्याची कमाल मुदत) दिला नसेल तर कितीही वेळ. त्यासाठी पायथॉन ३.२ पासून क्यूहँडलर आणि क्यूलिसनर ही जोडी आहे. प्रोग्राम संदेश रांगेत टाकून पुढे जातो आणि पाठवण्याचं काम लिसनर दुसऱ्या थ्रेडमध्ये करतो. टेलिग्रामला जाणाऱ्या विनंतीला ५ सेकंदांचा टाइमआउट ठेवा. प्रोग्राम बंद करताना लिसनरचा स्टॉप जरूर बोलवा, नाहीतर रांगेतले शेवटचे संदेश हरवतात, आणि बंद पडण्याचं कारण बहुधा त्यांतच असतं. इथे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते : लिसनर मुळात हँडलरची पातळी (किती गंभीर ओळीपासून पुढे पाठवायचं तो आकडा) पाहत नाही. 'रिस्पेक्ट हँडलर लेव्हल' हा पर्याय 'ट्रू' केला नाही, तर डीबगच्या, म्हणजे तपासणीपुरत्या किरकोळ ओळीही ग्रुपवर येतात.

संदेश थांबले ते मर्यादेमुळे. एका ग्रुपमध्ये बॉटला मिनिटाला २० संदेशच पाठवता येतात. त्यापुढे ४२९ ही चूक येते आणि किती सेकंद थांबायचं तो आकडाही सोबत येतो. तेवढं थांबा. पण नुसतं थांबून भागणार नाही; एकाच बिघाडाचे तीनशे संदेश कुणी वाचत नाही आणि त्यांत दुसरा खरा बिघाड दडून जातो. पहिला संदेश लगेच पाठवा, पुढची ५ मिनिटं तोच बिघाड फक्त मोजा आणि मग 'आणखी इतक्या वेळा' असा एकच पाठवा. 'तोच' हे ओळखायला तयार वाक्य वापरू नका, कारण त्यात दर वेळी वजन वेगळं असतं. आकडे भरण्याआधीचा साचा आणि ओळ क्रमांक यांवरून ओळखा. एफ-स्ट्रिंगने, म्हणजे आकडे आधीच वाक्यात भरून, लिहिलेल्या लॉगला असा साचा उरतच नाही, म्हणून वजनासारखे आकडे वेगळे द्या. ग्रुपवर एरर, म्हणजे पातळी ४० आणि त्यावरचंच पाठवा. बाकी सगळं मशीनवरच्या फाइलमध्ये राहू द्या.

न पोचणारे संदेश बहुतेक मार्कडाउनमुळे, म्हणजे ठळक-तिरकी अक्षरं दाखवण्याच्या खुणांमुळे, अडतात. फाइलच्या नावात एकटा अंडरस्कोर (_) आला की टेलिग्राम ४०० ही चूक देऊन संदेश नाकारतं. त्याऐवजी एचटीएमएल निवडलं तर चुकीसोबत येणाऱ्या तपशिलातले कोनी कंस (< >) नडतात. साधा मजकूर पाठवा. दुसरी अडचण लांबीची : ४०९६ अक्षरांपुढचा संदेश जात नाही, आणि देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. लांब मजकूर कापायचा तर वरून कापा. पायथॉनमध्ये मूळ चूक शेवटच्या ओळीत असते. ४०० आलेला संदेश पुन्हा तसाच पाठवून काही होत नाही.

टोकन, म्हणजे बॉटची गुप्त किल्ली, जपा. ते विनंतीच्या वेब-पत्त्यातच असल्यामुळे नेट तुटल्याच्या चुकीसोबत फाइलमध्ये उमटतं. लिहिण्याआधी झाका, बाहेर गेलंच असेल तर बॉटफादर या टेलिग्रामच्या बॉटकडून रद्द करून नवं घ्या.

आणि लाइट किंवा नेट गेलं तर प्रोग्राम कळवणार तरी कसा? ग्रुप शांत आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरू नका. केंद्राबाहेरच्या एखाद्या सर्व्हरला दर १० मिनिटांनी हजेरी लावा. हजेरी चुकली की त्याने संदेश पाठवावा.

प्रश्न : अमळनेरहून विचारतो. ग्रुपची सेटिंग बदलली आणि बॉट गप्प झाला. टोकन तेच आहे.

उत्तर : ग्रुपचा सुपरग्रुप (टेलिग्रामचा मोठ्या ग्रुपचा प्रकार) झाला असणार, तसं झालं की ग्रुपचा क्रमांक बदलतो. नकाराच्या उत्तरातच 'मायग्रेट टू चॅट आयडी' या नावाने नवा क्रमांक मिळतो. तो उणे १०० ने सुरू होतो. उणे चिन्हासकट पूर्ण उतरवा.