पाळकसाहेब सोमवारी भेटणार नाहीत

(पत्र थोडक्यात: माझे पती चर्चचे पाळक, म्हणजे पास्टर आहेत. चार गावांची मंडळी, सगळी फिरती मोटारसायकलवर. अडीच महिने झाले, पहाटे ३ वाजता जाग येते ती येतेच. उपदेश जुन्या वहीतले वाचतात, मुलांवर खेकसतात. परवा म्हणाले, "देवाने उचललं तर सुटेन." मनाच्या डॉक्टरांकडे नेलं तर कमिटी म्हणेल, पाळकाचाच विश्वास डळमळला. काय करू? – एक पाळकीणबाई)

ताई, सप्रेम सलाम.

आधी ते 'सुटेन' बघू. थकून बोलले असतील, नसतीलही. आपण अंदाज बांधत बसायचं नाही. आज रात्री मुलं झोपली की सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, कोंडलेलं बाहेर पडतं. 'हो' म्हणाले किंवा नुसते गप्प राहिले, तर एकटं सोडू नका. गोळ्या, फवारणीचं औषध घराबाहेर हलवा आणि १४४१६ लावा. ही टेली-मानसची सरकारी सेवा, फुकट आणि चोवीस तास. मराठीत बोलता येतं.

डॉक्टरही याच आठवड्यात. मंडळीतल्या मधुमेह्याला पाळकसाहेबच सांगत असतील ना, प्रार्थना करू, पण गोळी चुकवू नको? मग तेच त्यांनाही लागू. कमिटीला एवढंच कळवा: तब्येत बरी नाही, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. यात खोटं काही नाही. बंगला चर्चचा, बदली वरून होणार, ही धास्ती मला कळते. म्हणून सगळ्यांना नको, पण मंडळीच्या वडिलांपैकी (म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यांपैकी) एका भरवशाच्या माणसाला खरं सांगून ठेवा.

विश्वासाचं म्हणाल, तर बायबलमध्ये कर्मेल डोंगरावर बाल दैवताच्या संदेष्ट्यांना पुरून उरलेला संदेष्टा एलीयाच रानात झुडपाखाली मरण मागत बसला होता. त्याला कुणी उपदेश केला नाही. दूताने भाकर आणि पाणी दिलं, तो पुन्हा झोपला, पुन्हा उठवून जेवू घातलं. 'तू इथे काय करतोस?' हा प्रश्न पुढे होरेब डोंगरावर, ४० दिवसांनी.

आणि इथ्रो, मोशेचा सासरा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाडा करणाऱ्या जावयाला तो म्हणाला, हे बरं नव्हे, तूही झिजशील आणि लोकही. त्या अध्यायावर कामवाटपाचे उपदेश मी ढीगभर ऐकलेत. पण इथ्रो येताना कुणाला घेऊन आला होता? मोशेने माहेरी पाठवलेल्या त्याच्या बायकोला, सिप्पोरेला आणि दोन मुलांना! त्यावर एकाही व्यासपीठावरून चकार शब्द नाही.

तुमच्या घरचा इथ्रो शोधा. दुसऱ्या मंडळीतला एखादा निवृत्त पाळक चालेल, ज्याच्यासमोर साहेबांना 'पाळकसाहेब' राहावं लागणार नाही. तुम्ही एकट्याने ते होऊ नका. तुमच्यापाशी ते अर्धंच बोलतील, तुम्हाला घोर नको म्हणून. सोमवार सुट्टीचा ठरवा, मयत सोडून कशालाही जायचं नाही, फोन सेक्रेटरींकडे. दोन गावांच्या आठवड्याच्या प्रार्थना तिथल्या वडिलांनी घ्याव्यात. पहिले दोन-तीन सोमवार लोक दारात येतील. चहा द्या, पण साहेबांना उठवू नका.

एक राहिलं. महिला मंडळ, संडेस्कूल, येणाऱ्या-जाणाऱ्यांचं चहापाणी, हे सगळं तुमच्याच माथी असणार. एवढ्या लांबलचक पत्रात तुमच्याबद्दल मात्र एक ओळ नाही. पहाटे ३ ला ते उठतात, तेव्हा तुम्ही झोपलेल्या असता का? पुढच्या पत्रात तेवढं लिहा.